डाव्या बाजूचा ॲक्सल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी आईवडिलांच्याही आधी दाजींचे नाव घेतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेले नव्हते. मी मॅट्रिक झालो तेव्हा वडिलांनी मला कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटवायचे ठरवून टाकले होते. दाजी चोपड्याहून आले, ओसरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, याला मी जळगावला कॉलेजात घालतो. वडिलांनी विचारले, कशाच्या जोरावर? दाजींनी अंगणाबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे हात केला आणि कपातला उरलेला चहा संपवला.

ती गाडी म्हणजे एक जुनी पिकअप. लष्कराच्या लिलावातून निघून, दोनतीन मालक फिरून ती दाजींकडे आली होती. मूळच्या हिरव्या रंगावर त्यांनी निळा मारला होता, तरी दाराच्या कडांतून हिरवा डोकावायचा. मागच्या हौद्याला त्यांनी सुताराकडून सागाच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. त्या हौद्यातून ते चोपड्याच्या आसपासच्या बागांतली केळी जळगावच्या मालधक्क्यावर नेत. तिथून ती वॅगनीत भरून दिल्लीकडे जात. माल एका मारवाडी शेठचा. शेठ सरळ माणूस होता, पण केळीच्या बाबतीत त्याची नजर सोनाराची. धक्क्यावर त्याचा मुकादम प्रत्येक घड फिरवून पाही. दाबलेला, चोळवटलेला, काळा डाग पडलेला घड बाजूला निघे, आणि ज्याच्या गाडीतून असे घड जास्त निघत त्याला पुढच्या हंगामात निरोप येत नसे.

दाजींच्या गाडीतून घड बाजूला निघत नसत. त्याचे कारण मी कॉलेजच्या सुट्ट्यांत त्यांच्या शेजारी बसून पाहिलेले आहे. तेव्हाचा रस्ता म्हणजे मधे एका गाडीपुरती डांबराची पट्टी, तीही खड्ड्यांनी भरलेली, आणि दोन्ही बाजूंना मऊ मातीची साइडपट्टी. केळी भरलेली असली की दाजी डावी चाके डांबरावरून खाली उतरवत आणि मैलच्या मैल गाडी तशीच, डाव्या अंगाला कललेली, चालवत. मातीच्या फुफाट्यात चाक गादीवरून गेल्यासारखे जाई. खड्डा आला तर एकाच बाजूला येई, आणि तोही ते हलक्या हाताने चुकवत. ही काही त्यांची एकट्याची युक्ती नव्हती. केळी वाहणारे सगळेच जुने ड्रायव्हर असे चालवत. पण दाजींइतके सातत्याने कोणी नाही. समोरून ट्रक आला की इतरांना साइड द्यावी लागे, दाजींनी ती आधीच दिलेली असे. ट्रकवाले त्यांना हात करून जात.

त्या गाडीच्या खेपांवर मी बी. एस्सी. झालो. निकाल लागला त्या दिवशी दाजींनी पेढे आणले नाहीत. हौद्यात एक पिकलेला घड ठेवून ते आमच्या गावात आले आणि दारोदार केळी वाटली. तेव्हापासून ते मला साहेब म्हणू लागले. पुढे मला धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली, तेव्हा तर ते चारचौघांत म्हणत, आमचे साहेब आता खरेच साहेब झाले, खुर्चीला हात आहेत त्यांच्या. खुर्चीला हात नव्हते. मी ते त्यांना कधी सांगितले नाही.

दुष्काळ सरून गेला त्यानंतरच्या वर्षी अक्काचा निरोप आला की गाडी बरी नाही. आजारी माणसाबद्दल सांगावा तसाच निरोप होता. मी रविवारी चोपड्याला गेलो. दाजी अंगणात गाडीच्या डाव्या मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. चाकाच्या आतल्या बाजूने तेल उतरून टायरवर काळे ओघळ आले होते आणि जळक्या तेलाचा वास येत होता. गाडी वेगात आली की मागून भुंगा घुमल्यासारखा आवाज येतो, असे ते म्हणाले. चोपड्याच्या गॅरेजवाल्याने बेअरिंग बदलले, ऑइल सील बदलले. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा भुंगा. पुन्हा बेअरिंग, पुन्हा भुंगा. हे सांगताना ते हसत होते.

"साहेब, गाडी बठ्ठी चांगली शे," ते म्हणाले. "डावा पायच तेवढा दुखस."

अक्का हसली नाही. मी निघालो तेव्हा ती मला रस्त्यापर्यंत पोचवायला आली. दाजींचे मोठे भाऊ सुरतेला कापडाच्या मागावर कामाला होते. गाडी बंद पडली तर इकडेच या, दोघांनाही काम लावतो, असे त्यांनी कळवले होते. चोपड्यातले दोन खणांचे घर अक्काने स्वतः माती कालवून, स्वतः लिंपून उभे केले होते. दारात तिची शेळी, परसात लिंबाचे रोप. सुरतेला एका खोलीत दोन बिऱ्हाडे राहतात, मधे लुगडे टांगतात, हे तिने जावेकडून ऐकले होते. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मला कडेवर घेऊन फिरलेली. तिने माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते.

"भाऊ," ती म्हणाली, "काहीबी कर, पन आमले सुरतले जाऊ देऊ नको."

मी हो म्हणालो. मी शिकलेला होतो, सरकारी नोकरीत होतो, आणि धुळ्याला आग्रा रोडवर गॅरेजांची रांग आहे हे मला ठाऊक होते. मला वाटले, एवढ्यावर होईल.

पुढच्या आठवड्यात दाजी रिकामी गाडी हळूहळू चालवत धुळ्याला आले. आम्ही ती आग्रा रोडवरच्या एका मिस्त्रीकडे लावली. मिस्त्री वयस्कर होते, कंबर धरून बसणारे, दर वाक्याला थोडे थट्टेचे बोलणारे. त्यांनी जॅक लावून मागची बाजू उचलली, डाव्या चाकाला वर आणि खाली असे दोन हात लावले आणि ते हलवले. चाक हलले. नुसते फिरले नाही, वरखाली हलले, आणि आतून टक् असा आवाज आला. उजवे चाक त्यांनी तसेच हलवून पाहिले. ते जागचे हलले नाही.

मग चाक उतरवले, पुलर लावून ड्रम ओढून काढला, ब्रेकचे लायनर तेलाने भिजलेले निघाले, ते बाजूला ठेवले. बोल्ट सोडून आतला लांब दांडा, म्हणजे ॲक्सल, बाहेर ओढला. त्याच्या टोकाजवळ जिथे बेअरिंग घट्ट बसायचे तिथे, बेअरिंगच्या आत, पत्र्याची एक पट्टी गुंडाळलेली निघाली. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा. त्यावरचा पिवळा रंग अजून शिल्लक होता. चोपड्याच्या गॅरेजवाल्याने ढिले बेअरिंग घट्ट व्हावे म्हणून ती घातली होती. मिस्त्रींनी ती चिमट्याने उचलून दाजींना दाखवली. दाजी दुसरीकडे पाहू लागले. त्यांना ते माहीत असावे.

मिस्त्रींनी नवे बेअरिंग आणून दांड्याच्या टोकावर धरले आणि नुसत्या बोटांनी आत सरकवले.

"हे ठोकून बसायला पाहिजे, भाऊ," ते म्हणाले. "तुमच्याकडे बांगडीसारखं जातंय."

बेअरिंगमध्ये दोष नव्हता, तो दांडाच झिजला होता. त्याच्यावर कितीही नवी बेअरिंगे चढवली तरी ती हलणार, सील फाडणार, तेल सोडणार. दुसरा ॲक्सल मिळाला तर प्रश्न सुटला, असे मिस्त्री म्हणाले. नवा मिळणार नाही, ती गाडी बनायची केव्हाच बंद झाली. पण जुन्या लोखंडाच्या वाड्यात पाहा.

जुन्या लोखंडाचा वाडा जवळच होता. आम्ही दाजींचा झिजलेला दांडा गोणपाटात गुंडाळून तिथे नेला. वाडेवाल्याने तो पाहिला आणि आम्हाला मागच्या भिंतीकडे नेले. तिथे त्याच जातीच्या गाड्यांचे ॲक्सल भिंतीला लावून रचून ठेवले होते. पुष्कळ होते. मला आठवते, माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. मी एक उचलला, टोक पाहिले. गुळगुळीत, चकचकीत, कुठे झीज नाही. दुसरा उचलला, तोही तसाच.

"ते उजवे," वाडेवाला म्हणाला. "उजवे पाहिजे तेवढे न्या."

त्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधली गिअरची पेटी एका अंगाला सरकलेली असते, त्यामुळे उजवा दांडा डाव्यापेक्षा चार बोटे आखूड. तो डाव्या बाजूला चालत नाही. डावे कुठे आहेत, असे मी विचारले. त्याने कोपऱ्यातला एक छोटा ढीग दाखवला. आम्ही त्यातला एकेक काढून टोके पाहिली. प्रत्येकाची तीच गत. एकाला तर पत्र्याची पट्टी अजून चिकटलेली होती. वाडेवाला म्हणाला, सावदा, रावेर, यावल, चोपडा, तिकडून ज्या गाड्या मोडायला येतात त्यांचा डावा कधी धड येत नाही. का ते त्याला माहीत नव्हते. त्याला वाटायचे, कारखान्यानेच डावे कच्चे काढले असतील.

मी दाजींकडे पाहिले. ते हातातल्या दांड्याचे टोक अंगठ्याने चाचपत उभे होते. वर्षानुवर्षे डावी चाके मातीत, गाडी डाव्या अंगाला कललेली, सगळा भार त्या एका टोकावर, आणि फुफाटा सीलच्या आत. त्यांना समजले होते. मलाही समजले. मी डोके खाली घालून तो ढीग पुन्हा एकदा वरपासून तपासू लागलो, जसे काही माझ्याकडून एखादा सुटला असेल.

उरला तो एकच उपाय: झिजलेल्या जागेवर वेल्डिंगने धातू भरायचा आणि लेथवर तासून मापात आणायचा. मिस्त्री त्याला राजी नव्हते. वेल्डिंगची आच लागली की दांड्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, उतरतो, म्हणाले. भरलेला ॲक्सल चालेल, पण किती चालेल ते मला विचारू नका. दाजींनी खरोखरच विचारले नाही. काम होईपर्यंत ते माझ्या खोलीवर राहिले. रोज सकाळी मी कचेरीत जाताना ते गॅरेजच्या वाटेला लागत आणि लेथवाल्याच्या दारात बसत. संध्याकाळी मी त्यांना तिथून घेऊन येई. खोलीत स्टोव्हवर ते खिचडी टाकत. माझ्या कचेरीचे खोदून खोदून विचारत. गाडीचे बोलत नसत.

दांडा तयार झाला तेव्हा भरलेली जागा इतकी सफाईने तासलेली होती की नव्या आणि जुन्या धातूची हद्द बोटाला लागत नव्हती. या वेळी बेअरिंग तापवून ठोकावे लागले. चाक चढवले, हलवून पाहिले. हलले नाही. आम्ही नगावपर्यंत चक्कर मारून आलो. भुंगा नव्हता. निघताना मिस्त्रींनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, भार निम्मा भरा, आणि चारी चाके डांबरावर ठेवा. एकदा तिरकी चालवली तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका, मला बघवणार नाही.

पहिल्या खेपेला मी रजा काढून दाजींबरोबर गेलो. हौदा निम्मा भरला, घडांच्या मधे केळीची सुकी पाने कोंबली, वर पोती टाकली. दाजींनी गाडी डांबरावर घेतली आणि तिथेच ठेवली. खड्डा आला की चारी चाके त्यात उतरत आणि मागे घड एकमेकांवर आपटल्याचा धप् असा आवाज येई. प्रत्येक धप् बरोबर दाजींचे खांदे वर येत. समोरून ट्रक आले, त्यांनी हॉर्न दिले, आम्ही उशिरा बाजूला झालो, एकाने शिवी दिली. जळगाव येईपर्यंत त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता.

धक्क्यावर मुकादमाने घड फिरवायला सुरुवात केली आणि एक बाजूला काढला. मग आणखी एक. मग त्याने दाजींकडे पाहिले आणि पुढचे घड अधिक सावकाश फिरवले, आपलीच काही चूक होत असावी तसे. बाजूचा ढीग वाढत गेला. शेठ गादीवरून उठून आला. रागावला असता तर बरे झाले असते.

"भाऊ," शेठ म्हणाला, "तुमच्या गाडीतून असा माल? मी दिल्लीवाल्याला काय सांगू?"

दाजींनी ॲक्सलचे सांगितले नाही. पुढच्या खेपेला होणार नाही, एवढेच म्हणाले. परतताना रिकाम्या गाडीत मी त्यांना समजावत होतो: शेठला सगळे मोकळेपणी सांगा, केळीऐवजी दुसरा माल धरा, पारोळ्याच्या बाजारात कापूस आहे, धान्य आहे, त्याला डाग पडत नाहीत. ते ऐकत होते. पारोळ्याला आपल्या ओळखीचे कोणी नाही आणि तिथे मोठे ट्रक आहेत, असे ते शांतपणे म्हणाले. त्यांचे खरे होते.

पुढचे मला अक्काने सांगितले. दुसऱ्या खेपेला त्यांनी हौदा निम्माच भरला, पण पहिल्याच खड्ड्याशी डावी चाके खाली उतरवली. ठरवून उतरवली की हात आपोआप वळले, ते त्यांनी कधी सांगितले नाही. वाटेत एका चढावर मागून काठी मोडावी तसा आवाज झाला. भरलेल्या जागेच्या कडेलाच दांडा तुटला आणि डावे चाक, त्याला लागलेल्या तुकड्यासकट, बाहेर पडून शेजारच्या कपाशीत गेले. गाडी बसली. दाजींच्या मनगटाला मार लागला. त्यांनी दुखऱ्या हाताने एकेक घड उतरवला, रस्त्याच्या कडेला पाने अंथरून ओळीने मांडला आणि येणाऱ्या गाड्यांना हात करत उभे राहिले. एका ट्रकवाल्याने माल घेतला. धक्क्यावर त्यातला एकही घड बाजूला निघाला नाही, असे नंतर कळले. शेठने पुढच्या खेपेसाठी त्याच ट्रकवाल्याला सांगितले.

तुटलेला तुकडा मी पाहिला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट होता आणि अर्धा ताजा, चांदीसारखा. म्हणजे तडा आधीच पडला होता. कदाचित मी शेजारी बसलो होतो त्या खेपेलाच, चारी चाके डांबरावर असताना.

मी मिस्त्रींना पुन्हा विचारले. वाड्यात पुन्हा गेलो. भुसावळला, वरणगावला ओळखीतून चौकशी केली. डावा ॲक्सल मिळाला नाही. गाडी शेवटी त्याच धुळ्याच्या वाड्यात मोडायला गेली. ट्रकला दोर बांधून ती ओढत आणली, दाजी स्टिअरिंगवर बसून आले. वाडेवाल्याने ती भिंतीशी लावायला सांगितली. उतरल्यावर दाजी म्हणाले, "त्यातला उजवा काढी ल्या. नवा जसा शे." वाडेवाल्याने मान हलवली. उजव्यांचा ढीग त्याच्या पाठीमागेच होता.

सुरतेच्या गाडीला मी जळगाव स्टेशनवर गेलो. अक्काजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि पोत्यात बांधलेला पाटा होता. वरवंटा विसरला म्हणून ती चुटपुटत होती. शेळी शेजारणीकडे दिली होती. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, जेवतोस का, कपडे कोण धुते. मी तिला जे हो म्हटले होते त्याची आठवण तिने शब्दाने दिली नाही. गाडी येताना दिसली तेव्हा दाजींनी मला थोडे बाजूला घेतले. साहेब म्हणाले नाहीत.

"तू शिकेल शे," ते म्हणाले. "सांग, मनं काय चुकनं?"

मी ट्रंक उचलली आणि डब्यात चढवली.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी त्यांना लिहिले. दाजी चौथीपर्यंत शिकलेले, म्हणून अक्षर मोठे काढले होते. कच्चा मजकूर माझ्याकडे राहिला, तो असा:

दाजी,

तुम्हाला आणि अक्काला माझा नमस्कार. तुमच्या भावाच्या पत्त्यावर लिहितो आहे, पोचेल असे वाटते.

स्टेशनवर तुम्ही विचारले होते, माझे काय चुकले. मी उत्तर दिले नाही. त्यानंतर पुष्कळ विचार केला. गाडी कललेली असली की भार खालच्या अंगाच्या चाकावर येतो. ॲक्सल त्याने झिजला. तुम्ही पहिल्यापासून डांबरावरून चालवली असती तर तो अजून टिकला असता. हे खरे आहे आणि तुम्हालाही ते त्या वाड्यातच समजले, म्हणून लपवत नाही.

पण डांबरावरून चालवली असती तर शेठने पहिल्याच हंगामानंतर निरोप पाठवला नसता. मग माझी फी कुठून आली असती? मी जिनिंगमध्ये असतो. त्या चाकावर जो भार होता त्यात मी पण होतो, दाजी. हे मांडून झाल्यावर पुढे काय लिहावे ते मला सुचत नाही. दुसरा रस्ता कुठे होता ते मी शोधले, मला सापडला नाही.

अक्काला सांगा, मागच्या रविवारी चोपड्याला जाऊन घर पाहून आलो. कुलपाला तेल घातले. एका बाजूचे लिंपण पडले आहे. शेळी बरी आहे. लिंबाचे रोप वाळले. वरवंटा चुलीमागे सापडला, कोणी तिकडे येणारे असले तर पाठवतो.

मला कचेरीत कायम केल्याचा हुकूम आला. तो सर्वांत आधी तुम्हाला कळवायचा होता. पेढे आणले नाहीत, केळी वाटली. घडाला डाग होते. इथे कोणाच्या ते लक्षात आले नाही.